तुझ्यासाठी कोर्ट थांबलं नाही

विमल,

काल तुझी शोकसभा झाली आणि ती संपल्यावर कोर्ट नेहमीसारखं सुरू झालं. तू असतीस तर म्हणाली असतीस, "बघ नले, पडलं का छत खाली?" पडलं नाही. पण त्याविषयी मला तुझ्याशी थोडं बोलायचं आहे, आणि बोलायची सोय आता एवढीच उरली आहे.

लिहून झालं की हे मी ईशा आणि कबीरला पाठवणार आहे. माझी ही दोन्ही नातवंडं तुला विमलआजी म्हणतात. मेलबर्नहून आली की तू त्यांच्यासाठी कुंडलहून शेंगा आणायचीस आणि टरफलं घरभर करायला शिकवायचीस. त्यांना मराठी वाचता येतं, जरा सावकाश. त्यामुळे तुला पाठ असलेल्या काही गोष्टी मला इथे समजावून सांगाव्या लागतील. मध्येच "ह्ये काय मला सांगतीस" असं म्हणू नकोस.

कबीरने एकदा फोनवर विचारलं होतं, "तुमचं ते असोसिएशन म्हणजे क्लब आहे का?" मी काही बोलायच्या आत तू माझ्या हातातून फोन घेतलास आणि म्हणालीस, "न्हाई बाळा. क्लबात लोक दमल्यावर जातात. आमी तिथं दमायला जातो."

तर मुलांनो, कराडच्या कोर्टात जे वकिली करतात त्या सगळ्यांची ही संघटना. कोर्टाच्या आवारात तिची एक मोठी खोली आहे, तिला बाररूम म्हणतात. भिंतीला कायद्याच्या पुस्तकांची कपाटं, मधे लांब टेबल, कोपऱ्यात चहाची खिडकी. खुर्च्या कोणाच्याच मालकीच्या नाहीत, पण कोणती खुर्ची कोणाची हे प्रत्येकाला ठाऊक असतं. न्यायाधीशांच्या कानावर काही घालायचं असेल तर संघटना घालते. नव्या वकिलाला टेबल मिळवून देते, दोन वकिलांचं भांडण आतल्या आत मिटवते, कोणी आजारी पडलं तर त्याची कामं बाकीच्यांत वाटून देते. आणि कोणी गेलं तर त्याच्यासाठी कोर्ट थांबवते. विमलचं आणि माझं भांडण या शेवटच्या कामावरून होतं, आणि ते काही आतल्या आत मिटलं नाही.

आपण दोघी त्या खोलीत पहिल्यांदा गेलो तेव्हा तिथे बायकांची खुर्ची नव्हती. म्हणजे खुर्च्या रिकाम्या होत्या, पण जिच्यावर बसायला जावं ती कोणाची तरी निघायची. मी दाराशी उभी राहिले, कारण मला तसंच शिकवलेलं होतं. तू सरळ टेबलाच्या टोकाला गेलीस, अध्यक्षांच्या खुर्चीवर बसलीस आणि डबा उघडलास. अध्यक्ष आले तेव्हा तू त्यांना म्हणालीस, "बसा की साहेब, ही शेजारची मोकळी हाय." दुसऱ्या दिवशी खिडकीजवळ दोन नव्या खुर्च्या आलेल्या होत्या. त्या अजून तिथेच आहेत.

गावाकडची माणसं काळा कोट दिसला की ब्यारिष्टर म्हणायची. आपल्यात विलायतेला जाऊन आलेलं कोणी नव्हतं. पण मी पुण्याला इंग्रजीत शिकलेली, संघटनेची वरच्या कोर्टाला जाणारी पत्रं माझ्याकडे लिहायला यायची, म्हणून तू मला बॅरिस्टरीणबाई म्हणायला लागलीस. बाररूमने ते लगेच उचललं. पुढे मी चिटणीस झाले तेव्हा तर शिपाईसुद्धा विचारायचा, "ब्यारिष्टरीनबाई हायत का आत?" मला राग यायचा. आज कोणी तसं म्हणत नाही. तुझ्याशिवाय म्हणणारं कोणी उरलंच नव्हतं.

स्नेहभोजनाची गोष्ट मुलांना सांगते. विमल जैन. सूर्य मावळल्यावर तिच्या तोंडात अन्नाचा कण जायचा नाही, आणि संघटनेचं वार्षिक जेवण व्हायचं रात्री. ती यायची, सगळ्यांशी बोलायची, ताटांकडे बघत बसायची आणि उपाशी घरी जायची. तक्रार कधी केली नाही. मी चिटणीस झाल्यावर पहिल्याच बैठकीत जेवण दुपारी घ्यावं असा ठराव मांडला. केवढा गदारोळ. एक ज्येष्ठ वकील म्हणाले, "दुपारी जेवायला आमी काय लग्नाला आलोय व्हय?" दुसरे हळूच म्हणाले, "बाई, उजेडात काही गोष्टी प्यायला बऱ्या दिसत नाहीत हो." शेवटी तेही हसले आणि ठराव झाला. त्या वर्षी तू पंगतीला बसलीस, तुझ्यासाठी कांदा-बटाट्याशिवायची भाजी केली होती, आणि ज्यांनी विरोध केला होता तेच तुला आग्रह करत होते.

त्या दिवशी तुझ्या ताटाकडे बघून मला वाटलं, संघटना म्हणजे हेच. एका माणसासाठी सगळ्यांनी आपलं घड्याळ बदलायचं. पुढे आपल्या वादात मी नेहमी हेच उदाहरण द्यायचे. आणि तू नेहमी एकच उत्तर द्यायचीस. "नले, जेवन तुमचं हुतं. तुमी हलवलं. तारीख तुमची न्हाई."

मुलांसाठी वाद नीट मांडते.

रिवाज असा. संघटनेचा सदस्य वारला की एक दिवस ठरवतात. बाररूममध्ये सगळे जमतात, न्यायाधीशही येतात. अध्यक्ष त्या माणसाबद्दल चार शब्द बोलतात, दोन मिनिटं सगळे उभे राहतात, आणि ठराव होतो की आज वकील कामकाजापासून अलिप्त राहतील. मग त्या दिवशीच्या सगळ्या खटल्यांना पुढची तारीख मिळते आणि बाहेर बसलेले पक्षकार घरी जातात.

मी या रिवाजाच्या बाजूची. त्याला कारण बाबूराव वकील. ते बाररूममध्ये फारसे येत नसत, आवारातल्या झाडाखाली टेबल टाकून बसायचे. कामं थोडी, तीही किरकोळ. कोट इतका जुना की काळा म्हणवत नव्हता. ते गेले तेव्हा सगळं कोर्ट थांबलं. जिल्ह्यातल्या सगळ्यात नामांकित वकिलासाठी थांबलं होतं तसंच आणि तेवढंच. त्यांची बायको कधी कोर्टात आलेली नव्हती, त्या दिवशी फाटकाशी येऊन उभी राहिली. मी तिला आत नेत होते तेव्हा तिने विचारलं, "ह्ये समदं आमच्या मानसासाठी बंद हाय?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "आमाला तर वाटायचं, यास्नी तितं कोन वळखत न्हाई." तिचा तो चेहरा मी पाहिला आणि माझं मत कायमचं ठरलं.

तूही त्याच दिवशी तिथे होतीस, पण तू दुसरंच पाहिलंस. आम्ही दोन मिनिटं उभे होतो तेव्हा तू खिडकीतून बाहेर बघत होतीस. व्हरांड्यातल्या पक्षकारांनी आत वकील उभे राहिलेले पाहिले, आणि काय झालंय हे माहीत नसताना तेही उभे राहिले. म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या. एका बाईने कडेवरचं मूल खाली ठेवून हात जोडले. मग आतून निरोप गेला की आज काम नाही. घरी आल्यावर चहाचा कप हातात घेतलास आणि मला म्हणालीस, "आपुन दोन मिनिटं हुबं ऱ्हायलो. त्यांचा दिस गेला. पाटनच्या वरनं आलेला म्हातारा हुता त्यात. त्यानं बी टोपी काढली हुती, आनि त्याला आपुन तारीख दिली."

मी म्हटलं, "बाबूरावांच्या बायकोला एवढं मिळालं, ते काय कमी आहे का?"

"कमी न्हाई. पन ते म्हाताऱ्याच्या खिशातनं का दिलंस?"

तिथून पुढे दर वार्षिक सभेत तू एकच ठराव मांडायचीस. शोकसभा सकाळी कोर्ट उघडण्याआधी घ्यावी आणि नंतर काम चालू ठेवावं. दरवर्षी मतदान व्हायचं आणि तुझ्या बाजूने तुझा एकटीचा हात वर असायचा. प्रकाश तुझ्याकडे ज्युनियर होता तेव्हासुद्धा त्याचा हात खाली. विरोधात पहिला हात माझा. सभा संपली की आपण एकाच रिक्षाने मलकापूरला तुझ्या घरी जायचो आणि रिक्षात सभेचा विषय काढायचा नाही, असा नियम होता. तो तूच मोडायचीस. रिक्षावाल्याला विचारायचीस, "काय वं दादा, तुमच्यात कुनी गेलं तर स्टँड बंद ठेवता का?" एकदा एक रिक्षावाला म्हणाला, "ठेवतो की मॅडम." तू म्हणालीस, "मग दवाखान्यात जानारी बाई?" तो म्हणाला, "तिला आमी सोडतो आधी, मग बंद करतो." तू माझ्याकडे बघितलंस आणि घर येईपर्यंत रिक्षाबाहेर बघत हसत राहिलीस.

वकिलांनी काम बंद ठेवू नये असं वरच्या कोर्टांनी म्हटलंय, पण ते तू मला कधी ऐकवलं नाहीस. तुला सगळं ठाऊक होतं आणि त्यावर सभा जिंकता आली असती. मी विचारलं तेव्हा म्हणालीस, "वरनं हुकूम आला म्हनून नको. आपल्याला पटलं म्हनून पायजे." तुझ्या या एका गोष्टीचं मला नेहमी कौतुक वाटायचं. तुला ते मी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर पुढच्या सभेत तू तेच माझ्यावर उलटवलं असतंस.

तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी प्रकाश माझ्याकडे आला. तो आता अध्यक्ष आहे, तुला माहीतच आहे. निवडून आला तेव्हा आधी तुझ्या पाया पडला आणि मग हार घातले. बसला, पाणी प्यायला आणि पेला खाली ठेवला.

"मॅडम, ताईंच्या शोकसभेचं काय करायचं?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हंजे बंद ठेवायचं का चालू? ताईंचं म्हननं तर समद्यांना ठावं हाय. पन चालू ठेवलं तर लोक काय म्हनतील, ह्याचा इचार करा. कालपरवा सनद घेतलेला पोरगा ॲक्सिडेंटात गेला, त्याच्यासाठी बंद ठेवलं. आनि ताई, येवढी वर्सं... बाईमानूस हुत्या म्हनून चालू ठेवलं, असं म्हनतील. मला तर रातभर झोप न्हाई."

"बाकीचे काय म्हणतात?"

"निम्मे म्हनतात ताईंच्या मनासारखं करा. निम्मे म्हनतात, चालू ठेवून ताईंना कमीपना आनू नका. शेवटी समदे म्हनले, नलिनी मॅडमना इचार. त्या म्हनतील तसं."

विमल, मला तेव्हा तुझा राग आला. इतकी वर्षं मी तुझ्याविरुद्ध मत दिलं, आणि तू जाताना निकाल माझ्या हातात ठेवून गेलीस. बंद ठेवा म्हटलं तर तू जन्मभर जे मांडलंस ते तुझ्याच नावाने मोडायचं. चालू ठेवा म्हटलं तर ज्या एका गोष्टीत बाबूराव आणि बडे वकील सारखे होते ती मीच संपवायची, कारण एकदा चालू ठेवलं की पुढच्या वेळी कोणासाठी थांबणार? आणि तिसरी गोष्ट मी प्रकाशला बोलले नाही. मला स्वतःला तो दिवस हवा होता. मला बाररूममध्ये तुझ्या खुर्चीशेजारच्या माझ्या खुर्चीवर बसायचं होतं, चहा घ्यायचा होता, लोकांनी तुझ्या गोष्टी सांगायच्या होत्या, आणि आपल्या खटल्याचा पुकारा झाला म्हणून कोणालाही उठून पळायची घाई नको होती.

मी प्रकाशला म्हटलं, "चालू ठेवा."

"नक्की, मॅडम?"

"माझं मत विचारलंस तर बंद. पण शोकसभा माझी नाही."

काल सकाळी बाररूम भरली होती. सांगलीहून, साताऱ्याहूनही वकील आले होते. तुझा धाकटा भाऊ कुंडलहून आला होता, मागे उभा होता, त्याला मी पुढे आणून तुझ्या खुर्चीवर बसवलं. प्रकाश बोलायला उभा राहिला आणि त्याचं भाषण दुसऱ्याच वाक्याला अडकलं. मग तो कागद खिशात घालून म्हणाला, "ताई मला म्हनायच्या, प्रकाश, भाषन आवर, बाहेर मानसं बसल्यात." आणि तो खाली बसला. माझ्या आठवणीत इतकं छोटं आणि इतकं बरं भाषण त्या खोलीत झालेलं नाही. आम्ही उभे राहिलो. मी मुद्दाम खिडकीतून बाहेर बघितलं. व्हरांडाही उभा होता.

मग पुकारे सुरू झाले आणि खोली भराभर रिकामी झाली. मी काठी घेऊन घरी निघाले. व्हरांड्याच्या टोकाला एक म्हातारी बाई भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर कापडी पिशवी. माझ्याकडे बघून म्हणाली, "आवं ताई, तुमी चव्हानबाईंच्या मैतरीन न्हवं? त्या अजून आल्या न्हाईत. माजा पुकारा हुईल."

विमल, तुझं आडनाव चौगुले. हिराबाई तुला पहिल्या दिवसापासून चव्हाणबाई म्हणायची आणि तू कधी दुरुस्त केलं नाहीस.

मुलांसाठी सांगते. हिराबाई म्हसवडकडची, धनगर घरातली. तिचे वडील मेंढरं घेऊन दर हिवाळ्यात कराडच्या बाजूला यायचे. त्यांनी इथे थोडी जमीन घेऊन ठेवली होती. ती भावाच्या मुलांनी स्वतःच्या नावावर लावली आणि आत्याला हिस्सा नाही म्हणाले. विमलने तिचा वाटपाचा दावा केला. तिची साक्ष शपथेवर लिहून दिलेली होती, आता समोरच्या वकिलाने तिला प्रश्न विचारायचे राहिले होते, त्याला उलटतपास म्हणतात. तो दरवेळी पुढे जात होता. कधी न्यायाधीशांची बदली, कधी समोरचे आजारी, कधी कोणाची तरी शोकसभा. ती दोन एसट्या बदलून यायची आणि तारीख घेऊन परत जायची. ही गोष्ट विमलने माझ्या गॅलरीत बसून मला इतक्या वेळा सांगितली होती की मला त्या जमिनीच्या चारी बाजू पाठ होत्या.

मी हिराबाईच्या शेजारी बसले. सांगायला वेळ लागला, कारण मला ते अजून कोणालाच सांगावं लागलं नव्हतं, सगळ्यांना आधीच ठाऊक होतं. तिने ऐकलं. पदर तोंडाला लावला. पदर खाली घेत म्हणाली, "मगाशी तुमी समदे हुबं ऱ्हायला, तवा मी बी हुबी ऱ्हायले. त्यांच्यासाठी हुतं व्हय ते?"

"हो."

"बरं झालं, हुबी ऱ्हायले." मग पिशवीकडे बघत म्हणाली, "म्हंजे आज परत तारीखच की."

वकील वारला की पक्षकाराने त्याला दिलेलं वकीलपत्र त्याच्याबरोबर संपतं. सगळ्या कोर्टात सगळ्यांची कामं चालणार होती, विमल, आणि थांबणार होतं ते फक्त तुझ्या पक्षकाराचं. मला तुझं हसणं ऐकू आलं, आणि ते मला मुळीच आवडलं नाही.

मी प्रकाशला शोधून काढलं. तो कपाळाला हात लावून म्हणाला, "आयला, हे कसं ध्यानातनं गेलं. ताईंच्या फायली वाटायची बैठक उद्या हाय, मॅडम. आनि मला तर हितं हुबं ऱ्हाता येत न्हाई, त्या भाच्यांचं एक काम मी मागं केलंय." मी म्हटलं, "दुसरं कोण?" तो म्हणाला, "फाइल न वाचता कोन हुबं ऱ्हाईल? आज तारीख घेऊ, पुढच्या बारीला नक्की."

"वकीलपत्राचा कागद आण," मी म्हटलं. "कामं घेणं सोडलं तरी वकिलीची सनद आहे माझी. वर्गणी दरवर्षी भरते. आणि एक गाऊन बघ, फार लांब नको."

गाऊन आला तो प्रकाशच्या ज्युनियर मुलीचा, मला आखूड. हिराबाईने वकीलपत्रावर अंगठा दिला आणि माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून विचारलं, "तुमाला जमंल न्हवं?"

"मला फक्त उभं राहायचं आहे. बोलायचं तुम्हाला आहे."

"मग जमंल," ती म्हणाली. माझ्याबद्दल की स्वतःबद्दल ते कळलं नाही.

समोर कदम वकील. आपल्यापेक्षा थोडे लहान, नेहमी नीट बोलणारे. मला त्या वेषात बघून जागेवरून उठले. "मॅडम, कशाला त्रास घेता? मी स्वतःच तारीख मागतो. आजच्या दिवशी मलाही ताईंच्या पक्षकाराला प्रश्न विचारायला नको वाटतं." ते मनापासून म्हणत होते. तीच तर अडचण आहे आपल्या संघटनेची, की सगळं मनापासून असतं. मी म्हटलं, "कदम, विमलला काय आवडलं असतं?" "चला तर मग," म्हणाले, आणि फाइल उघडली.

उलटतपास त्यांनी कुठेही सैल सोडला नाही. त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. सौम्य प्रश्न विचारले असते तर तो तुझा अपमान झाला असता.

"जमीन घेतली तेव्हा तुम्ही किती वर्षांच्या होता?"

"काय ठावं. कोकरू उचलून चालायची, येवढी हुते."

"म्हणजे व्यवहार तुम्हाला माहीत नाही."

"येवार ठावं न्हाई. जमीन ठावं हाय. तितं आमची मेंढरं बसायची."

"लग्नात तुमच्या वडिलांनी तुम्हाला मेंढरं दिली होती, तोच तुमचा हिस्सा होता, हे खरं आहे?"

मी उठून हरकत घेतली. फेटाळली गेली. तुला सांगते, बरोबरच फेटाळली. हिराबाईने माझ्याकडे पाहिलं, मग कदमांकडे.

"मेंढरं दिली. खरं हाय. दुस्काळात मेली, त्ये बी खरं हाय. भावाला बी दिली हुती त्याच्या लग्नात. मग त्यो बी हिस्सा घेऊन ग्येला म्हना की."

न्यायाधीशांनी मान खाली घातली आणि लिहायला सांगितलं. कदमांनी तो प्रश्न पुढे नेला नाही.

जेवणाच्या सुट्टीआधी संपलं. बाहेर आल्यावर हिराबाईने विचारलं, "आता म्या कवा यायचं?"

"तुम्ही यायची गरज नाही. आता समोरच्यांनी साक्ष द्यायची. तुमचं बोलून झालं."

ती व्हरांड्यात तशीच उभी राहिली. या वाक्याचं काय करावं हे तिला कळत नव्हतं. मग तिने पिशवी माझ्यापुढे केली. "हुलगं हायत. त्यास्नी आनलं हुतं. म्या आता परत कुटं नेऊ." आणि दुपारची एसटी पकडायला निघाली. फाटकापाशी वळून म्हणाली, "भाच्यांच्या वकिलास्नी सांगा, मानूस चांगला हाय. पर बाजू खोटी हाय." कदम माझ्या मागेच उभे होते. म्हणाले, "ऐकलं."

मी हुलगे घरी आणले, त्यांचं माडगं केलं आणि सूर्य मावळायच्या आत प्यायले. तसं मी का केलं हे तुला समजावून सांगायची गरज नाही. मुलांनो, माडगं म्हणजे हुलग्याच्या, म्हणजे कुळथाच्या पिठाची गरम, पातळ लापशी. पुढच्या खेपेला करून घालेन.

आता आपल्या वादाचं. काल तुझ्या बाजूने जेवढं घडायचं तेवढं घडलं. हिराबाईचं काम झालं, आणखीही कितीतरी लोकांचं झालं असेल, त्यांना तुझं नावही ठाऊक नाही. मला ते पटलं, मी नाही म्हणत नाही. पण घरी यायच्या आधी, जेवणाची सुट्टी संपल्यावर मी बाररूममध्ये गेले तेव्हा तिथे एकही वकील नव्हता. तुझा भाऊ तुझ्या खुर्चीवर एकटा बसला होता, हातात चहाचा थंड कप. सगळे कामाला गेले होते, तुझ्याच सांगण्यावरून. त्याने मला विचारलं, "ताईला हितं मानत हुती न्हवं लोकं?" बाबूरावांच्या बायकोला हा प्रश्न विचारावा लागला नव्हता. मी त्याच्याजवळ बसले, त्याला खुर्चीची गोष्ट सांगितली, जेवणाची सांगितली. एकटीने सांगायला फार वेळ लागतो, विमल. तिथे सगळे असते तर त्याला एका तासात तुझी सगळी हकिकत कळली असती. म्हणून माझं मत मी बदललेलं नाही.

आज सकाळी प्रकाशला फोन करून मी तसं सांगितलं. म्हटलं, माझ्या वेळी रिवाजाप्रमाणे कोर्ट बंद ठेवा. आधी ज्यांची कामं महत्त्वाची ती उरका, ती रिक्षावाल्याची पद्धत बरी आहे, पण मग बंद ठेवा आणि बसा सगळे एकत्र.

तो हसला. "मॅडम, त्यात काय. आत्ताच ठराव करून ठेवू. एकमतानं हुईल."

एकमताने. त्या खोलीत या विषयावर कधीही एकमत झालेलं नाही. दरवर्षी माझा हात वर जायचा आणि सभेपुरती खिडकीजवळची खुर्ची सोडून समोर, टेबलाच्या त्या टोकाला तू बसलेली असायचीस; तुझा हात वर गेला की मगच मला माझ्या बाजूची नीट खात्री वाटायची. आता माझ्यासमोर कोण?

मी प्रकाशला म्हटलं, "थांब. ठराव इतक्यात लिहू नकोस. दुसरी बाजू मांडली गेलेली नाही."